कच्च्या माशाची भीती आणि पातेल्यातला भात



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सेनगाव तालुक्यातल्या एक मावशी ओपीडीत आल्या. त्यांचं स्वतःचं काही दुखत नव्हतं. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे बघा. पोरगी पुण्यात कच्चा मासा खायलीय. पाचवा महिना हाय तिला!"

फोटोत एका काळ्या ताटलीत भाताच्या आठ गोल वड्या होत्या. अळूवडीचा उंडा कापावा तशा कापलेल्या, भोवती काळी किनार, मधे काहीतरी हिरवं. मी मुलीला तिथूनच फोन लावायला सांगितला. ती हसून म्हणाली, "आई उगंच घाबरायली. व्हेज आहे ते. काकडी आणि अवोकाडो." मी मावशींना म्हणालो, काळजीचं काही नाही. त्या निश्चिंत होऊन गेल्या.

दहा-बारा दिवसांनी त्याच मावशी पुन्हा आल्या, या वेळी जीपमधून, काकांना झोपवून. आदल्या दिवशी नात्यातला एक कार्यक्रम झाला होता. सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवलेला भात दुपारच्या पंगतीनंतर उरला, तसाच झाकून ठेवला आणि रात्री वरण घालून घरच्यांनी खाल्ला. दोन तासांत चौघांना उलट्या सुरू झाल्या. तिघं सकाळपर्यंत सावरले. काका सत्तरीच्या पुढचे, मधुमेह आणि बीपी असलेले. "पित्त झालं असेल" म्हणून घरीच थांबले. पोटात पाणी टिकत नव्हतं, पण बीपीची गोळी मात्र नियमाने घेतली, आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. माझ्याकडे आले तेव्हा जवळपास दिवसभर लघवी झालेली नव्हती. सलाईन लावून त्यांना नांदेडला पाठवावं लागलं. ते वाचले, घरी आले, पण क्रिएटिनिन काही पूर्वीच्या आकड्यावर परत आलं नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तेव्हापासून एक गोष्ट मला टोचते. पुण्यातल्या ताटलीतल्या भाताने या घराची झोप उडवली होती, पण घरच्या पातेल्यातल्या भाताचा कुणालाही संशय आला नाही. आणि मी तरी काय केलं? मावशी समोर बसलेल्या असताना मीही पुण्याच्याच भाताबद्दल बोललो. आजचा लेख त्यासाठी आहे.

सुशी म्हणजे नेमकं काय?

आपल्या हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला चायनीजच्या गाड्या आहेत, जपानी हॉटेल काही दिसत नाही. पण इथली मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला असतात. २००४ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 'वसाबी' हे जपानी रेस्टॉरंट सुरू झालं, तेव्हा सुशी ही श्रीमंतांची चैन होती. आज ती मॉलमध्ये मिळते, मोबाइलवरून मागवता येते, आणि मित्रांचा वाढदिवस असला की आपली मुलंही खातात. त्यामुळे प्रश्न आपल्यापर्यंत आला आहे.

पहिला गैरसमज इथेच दूर करू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून आंबट-गोड केलेला भात. त्याच्यासोबत मासा असेल, शिजवलेली कोळंबी असेल, अंडं असेल किंवा नुसती काकडी. बाहेरची काळी किनार म्हणजे समुद्री शेवाळाचा पापडासारखा वाळवलेला कागद. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप देतात, त्याला साशिमी म्हणतात.

मुळात हा पदार्थ मासा टिकवण्याच्या युक्तीतून आला. जुन्या काळी मासा मीठ लावून भातात दाबून कित्येक महिने ठेवत. भात आंबे आणि त्या आंबटपणामुळे मासा सडत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात, आजच्या तोक्योत म्हणजे तेव्हाच्या एदो शहरात, भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून हातात देण्याची पद्धत रूढ झाली. घाईतल्या माणसाने गाडीवर उभ्याने खायचा पदार्थ होता तो. आपल्याकडे वडापाव आहे तसा.

कच्च्या माशाचा धोका किती खरा?

धोका खरा आहे. मावशींची भीती खुळी नव्हती, फक्त त्या ताटलीला ती लागू नव्हती.

कच्च्या समुद्री माशात अॅनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. त्या पोटात गेल्या तर काही तासांत जठरात तीव्र कळा येतात, आणि कधी कधी दुर्बीण घालून अळी काढावी लागते. जपानमध्येही असे रुग्ण दरवर्षी सापडतात. यावर उपाय म्हणजे मासा नीट गोठवणे: उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा त्याहून थंड यंत्रांत कमी वेळ. त्याने जंत मरतात. जिवाणू मात्र गोठवून मरत नाहीत, ते झोपून राहतात. म्हणून गोठवलेला मासाही पुढे थंडच ठेवावा लागतो.

गंमत म्हणजे, आज सुशी म्हटलं की डोळ्यांपुढे येणारा केशरी सामन मासा जपानी लोक पूर्वी कच्चा खातच नसत. त्यांच्याकडच्या समुद्रातल्या सामनमध्ये जंत असतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. १९८० च्या दशकात नॉर्वेने शेतीतला, म्हणजे पिंजऱ्यात खाद्य घालून वाढवलेला सामन जपानला विकायला सुरुवात केली, त्यानंतर हे चित्र बदललं. कोणता मासा कच्चा खायचा आणि कोणता नाही, हे जपान्यांनी फार काळजीने ठरवलेलं असतं. आपण त्यांची ताटली उचलली आहे, तर ही काळजीही उचलली पाहिजे.

आता आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचं. सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर या आपल्या धरणांतला मासा गोड्या पाण्यातला आहे. रोहू, कटला, मरळ, वाम, झिंगे, खेकडे. गोड्या पाण्यातला मासा किंवा खेकडा कच्चा कधीही खाऊ नये. त्यात वेगळे जंत असतात. काही यकृताच्या नळ्यांत घर करतात, खेकड्यातले काही फुप्फुसात जातात. आपण ज्याला मरळ म्हणतो त्याच जातकुळीचा मासा कच्चा खाल्ल्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर जपानमध्ये ग्नॅथोस्टोमा या जंताचे पुष्कळ रुग्ण सापडले होते. ही अळी कातडीखाली फिरत राहते, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूतही पोहोचते.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण एका कॉलेजच्या मुलाने मला विचारलं होतं, "सर, धरणावरून ताजा मासा आणून घरी सुशी केली तर?" त्याने रील पाहिली होती. ताजा म्हणजे सुरक्षित, असं त्याला वाटलं. जंत तर ताज्या माशातच जिवंत असतो. आणि घरचा फ्रीज इथे कामाचा नाही. बर्फाच्या कप्प्याचं तापमान उणे २० पर्यंत जाईलच असं नाही, आणि आपल्याकडे लाइट किती वेळ असते हे तुम्हाला माहीतच आहे. आपली रस्सा करून, खळखळून उकळून मासा खाण्याची पद्धत या पाण्यासाठी बरोबर आहे. ती सोडू नका.

मग भाताचं काय?

आता काकांच्या भाताकडे वळू.

कच्च्या तांदळावर बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू बीजरूपात असतो. ही बीजं इतकी चिवट की भात उकळला तरी मरत नाहीत. भात गरम गरम खाल्ला तर काही बिघडत नाही. पण तो तास न्‌ तास कोमट राहिला की बीजं रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे भात पुन्हा गरम केला, फोडणी दिली, तरी विष तसंच राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये हा आजार ओळखला गेला तोही भातामुळेच. चायनीज हॉटेलांत रात्रीचा भात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी त्याचाच फ्राइड राइस करत असत.

पंगतीच्या पातेल्यात हे सहज घडतं. घरचा वाटीभर भात लवकर निवतो. वीस किलो तांदळाचं पातेलं वरून गार लागलं तरी आत कित्येक तास कोमट असतं. त्यात आपला मे महिना, पारा चाळीशीच्या वर, आणि पातेल्यावर घट्ट झाकण. जिवाणूंसाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

सुशीचा भातही हॉटेलात तासन्‌तास बाहेरच असतो. मग त्यात हे का होत नाही? उत्तर आहे आंबटपणा. व्हिनेगरमुळे भात इतका आंबट होतो (पीएच ४.६ च्या खाली) की हा जिवाणू वाढू शकत नाही. आपल्या आज्यांनाही हे माहीत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. ज्वारीची आंबील आणि दहीभात हे त्याच वाटेचे पदार्थ. मात्र दही भात ताजा असताना, तो निवल्यावर लगेच कालवलं तरच उपयोग. आधीच बिघडलेल्या भातावर दही घातल्याने तो दुरुस्त होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की "कच्चं की शिजवलेलं" हा प्रश्न पुरेसा नाही. त्याच्यासोबत तीन प्रश्न विचारा. करून किती वेळ झाला? तेवढा वेळ ते किती तापमानात होतं? आणि कुणाच्या हातांनी, कोणत्या पाण्याने केलं? अन्न पाच अंशांच्या खाली किंवा साठ अंशांच्या वर असावं. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको, आपल्या उन्हाळ्यात तर एकच तास.

सामूहिक जेवणाचा अनुभव आपल्या भागाला नवा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या एका गावी, धार्मिक कार्यक्रमातल्या जेवणानंतर दोन हजारांच्या आसपास लोकांना उपचार घ्यावे लागले. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण जवळजवळ दरवर्षी वाचतो. ओल धरलेल्या भगरीवर बुरशी वाढते, म्हणून सुटं, जुनं पीठ घेऊ नका असं आवाहन अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी करत असतं. प्रसादाला किंवा पंगतीला मी नावं ठेवत नाही. गावाला एकत्र बांधणारी ती गोष्ट आहे. पण श्रद्धेमुळे पातेल्यातलं तापमान बदलत नाही.

आपल्याकडचं जपान: अजिनोमोटो

जपान हिंगोलीत आलाच नाही, असंही नाही. चायनीजच्या गाडीवरचा 'अजिनोमोटो' जपानचाच. १९०८ साली तोक्योतले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली आणि तिला 'उमामी' हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी ती पावडर त्या नावाने बाजारात आली. शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. टोमॅटोतही ग्लुटामेट निसर्गतःच असतं.

१९६८ मध्ये एका डॉक्टरांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं, की चायनीज जेवणानंतर मान बधिर होते, धडधडतं. तेव्हापासून ही पावडर बदनाम झाली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात तिने असा त्रास होतो हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मी स्वतः कित्येक वर्षं रुग्णांना "अजिनोमोटो टाळा" एवढंच सांगून मोकळा होत होतो. आता वाटतं, मी चुकीच्या डब्याकडे बोट दाखवत होतो. गाडीवरचे खरे प्रश्न वेगळे आहेत: सकाळपासून बाहेर असलेला भात, पुन्हा पुन्हा तापवलेलं काळं तेल, मंच्युरियनचा भडक रंग, एकाच बादलीत बुचकळलेल्या प्लेटा, आणि मीठ.

"पण जपानी लोक तर दीर्घायुषी असतात ना?"

असतात. पण ते रोज सुशी खाऊन नव्हे. त्यांच्याही जेवणात एक मोठा दोष आहे, तो म्हणजे मीठ. सोया सॉसच्या तीन छोट्या चमच्यांत दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम. नागानो या डोंगराळ प्रांतात एकेकाळी पक्षाघाताने खूप माणसं मरत. लोणची आणि खारट मिसो सूप हे त्याचं मोठं कारण. तिथल्या स्वयंसेविका घरोघरी जाऊन सूपमधलं मीठ मोजू लागल्या, लोकांना समजावू लागल्या. २०१० च्या आकडेवारीत त्याच नागानोतल्या पुरुषांचं आणि स्त्रियांचंही सरासरी आयुर्मान जपानात पहिल्या क्रमांकावर होतं. एवढ्या एका गोष्टीने ते झालं असं मी म्हणणार नाही, पण आपल्या आशाताईंना मनावर घेण्यासारखी ही गोष्ट आहे. लोणचं, पापड, ठेचा आणि वरून मीठ घेणारे आपणही कमी नाही.

मधुमेहींनी हेही लक्षात घ्यावं की आठ तुकड्यांच्या एका रोलमध्ये साधारण वाटीभर पांढरा भात असतो, तोही साखर घातलेला. मेयोनेज किंवा तळलेला प्रकार असेल तर आणखी तेल. "हलकं खाल्लं" असं समजून दोन-तीन रोल खाल्ले, तर दुसऱ्या दिवशी साखरेचा आकडा बोलतो.

मुलं अशा हॉटेलात गेली तर

जाऊ द्या. नवीन चव घेणं हा गुन्हा नाही. एवढंच सांगा:

- पहिल्यांदा जाणाऱ्याने भाज्यांची किंवा शिजवलेल्या कोळंबीची सुशी घ्यावी.
- कच्चा मासा खायचाच असेल तर जिथे गर्दी असते, माल रोज संपतो आणि मासा डोळ्यांसमोर थंड पेटीतून काढतात, तिथेच खावा. "मासा गोठवलेला आहे का?" असं विचारायला लाजू नये. तीव्र वास किंवा चिकटपणा असेल तर ताटली परत करावी.
- कच्च्या माशाची सुशी उन्हाळ्यात पार्सल मागवू नये. दुचाकीवर तासभर फिरलेला मासा थंड राहत नाही.
- गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं, यकृताचे किंवा किडनीचे रुग्ण, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले: यांनी कच्चा मासा टाळावा. गरोदरपणात लिस्टेरिया या जिवाणूची भीती असते, आणि टूना जातीच्या मोठ्या माशांत पारा जास्त असतो. व्हेज किंवा पूर्ण शिजवलेली, ताजी सुशी त्यांना चालते.
- मासे किंवा कोळंबीची अॅलर्जी असेल तर आधी सांगावं. एकाच सुरीने सगळं कापलं जातं.
- ताटलीतला हिरवा गोळा म्हणजे आपली हिरवी चटणी नव्हे. तो वसाबी, नाकात झणका देणारा. २०१९ मध्ये इस्रायलमधल्या साठ वर्षांच्या एका बाईंनी लग्नाच्या जेवणात तो अवोकाडो समजून चमचाभर खाल्ला आणि त्यांना हृदयाचा तात्पुरता आजार झाल्याची नोंद आहे. त्या बऱ्या झाल्या. योगायोग असा की त्या आजाराचं नावही जपानीच आहे, ताकोत्सुबो, म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचं मडकं. हृदय त्या आकाराचं दिसतं म्हणून.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि घोट घोट, पण सतत द्या. एकदम ग्लासभर दिलं तर उलटून पडतं. "पोटाला आराम" म्हणून पाणी बंद करू नका.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका: सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, जोराचा ताप, ग्लानी, किंवा काहीच पोटात टिकत नाही. वयस्कर, गरोदर, मधुमेही किंवा किडनीचे रुग्ण असतील तर एवढी वाटही पाहू नका. बीपीची, लघवीची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर त्या दिवशीचा डोस घ्यायचा की नाही, हे आधी डॉक्टरांना फोन करून विचारा. काकांच्या बाबतीत हा एक फोन झाला असता, तर कदाचित नांदेडची वाट धरावी लागली नसती.

शेवटी माझं मत

अनोळखी अन्नाची भीती आपल्याला लगेच वाटते. ओळखीच्या अन्नाची वाटत नाही, कारण ते आपल्या माणसांनी केलेलं असतं. पण जिवाणू नातं पाहत नाहीत. मुलीच्या ताटलीकडे आपण ज्या डोळ्याने पाहिलं, त्याच डोळ्याने रात्री आपल्या स्वयंपाकघरातल्या पातेल्याकडेही पाहावं, एवढंच माझं सांगणं आहे.

कार्यक्रमाचा भात उरला तर तासाभरात परातींत पातळ पसरून निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. घरच्या थोड्या भाताचा फोडणीचा भात या पद्धतीने खुशाल करा. फ्रीज नसेल, लाइट नसेल, तर उरलेला भात गरम आहे तोवरच वाटून टाका. तेही जमलं नाही तर जनावरांपुढेही न टाकता सरळ खड्ड्यात टाका. अन्न टाकताना आपल्या लोकांचा हात अडखळतो, मला कळतं. दुष्काळ पाहिलेली माणसं आहेत ही. म्हणूनच शिजवतानाच अंदाज घेऊन थोडं कमी शिजवा. लागलं तर दुसरं आधण ठेवता येतं.

मावशींची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बारशाच्या दिवशी मावशींनी दोनदा भात लावला, असं काकांनी तपासणीला आल्यावर मला सांगितलं.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या आजारानुसार आपल्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.*